साडेतीनचा गजर

आमच्याकडे, म्हणजे कर्नाटकातील सरकारी शाळांत, शनिवार हा सकाळच्या शाळेचा दिवस. एरवी साडेनऊला भरणारी आमची शाळा त्या दिवशी आठाला भरते. प्रार्थनेला उशीर करणाऱ्या मुलांना फाटकाशी उभे करण्याची प्रथा मी मुख्याध्यापक होण्याच्या पूर्वीपासून चालत आलेली, आणि मीही ती निमूटपणे पुढे चालविली. मागील वर्षी त्या उभे राहणाऱ्यांत दहावीतील एक मुलगी दर शनिवारी न चुकता दिसू लागली. अभ्यासात चांगली, अक्षर वळणदार, सोमवार ते शुक्रवार वेळेच्या आधी हजर. उशीर तेवढा शनिवारी. चार शनिवार मी तिला उभे केले. पाचव्या शनिवारी मात्र मला राहवले नाही आणि मी तिला विचारले, "आठवड्यातून एक दिवस लवकर उठता येत नाही का?"

ती मान खाली घालून उभी राहिली. उत्तर तिने दिले नाही. ते दुपारी तिच्या वर्गशिक्षिकेने दिले. ती मुलगी रोज पहाटे साडेतीनला उठते.

हा लेख त्या साडेतीनविषयी आहे. वाचक भगिनींपैकी अनेकींना ही वेळ माझ्यापेक्षा अधिक परिचयाची असेल. कुणाचा पोळीभाजीचा उद्योग असेल, कुणाची खानावळ, कुणाचा फुलांचा वा भाजीचा धंदा. त्यांना पहाटेचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार मला नाही. मला फक्त जे दिसले ते मांडायचे आहे.

वर्गशिक्षिकेकडून कळल्यावर मी त्या मुलीच्या आईला निरोप धाडला. त्या शाळेत आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि आपलीच काही चूक झाल्यासारखे बोलू लागल्या. त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्या जोंधळ्याच्या भाकऱ्या करून विकतात. दोन वसतिगृहे, एक लहान खानावळ आणि काही नोकरदार कुटुंबे मिळून रोज दीडशे भाकऱ्या जातात, त्यांबरोबर एखादी कोरडी भाजी आणि शेंगाचटणी. आमच्या बेळगाव भागात असे भाकरी करून देणारे घर प्रत्येक पेठेत आढळते. मी म्हटले, "बाई, इतक्या लवकर कशाला उठता? थोडे रात्री करून ठेवले तर?" त्या हसल्या. "भाकरी काय रात्री करून ठेवाय येतंय काय, गुरुजी? एकदा येऊन बघा की."

मी गेलो. मार्गशीर्षातील थंडी होती. बेळगावची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना पहाटे चारला घराबाहेर पडणे म्हणजे काय ते सांगावयास नको. गल्लीत एकाच खिडकीत दिवा होता आणि रस्त्यावर जोंधळ्याच्या भाकरीचा खरपूस वास येत होता.

आत दोन शेगड्या पेटलेल्या होत्या. एकीपुढे आई, दुसरीपुढे मुलगी. तिसऱ्या चुलीवर आधणाचे पाणी. आई मोजून पीठ काठवटीत घेत होत्या, मध्ये आळे करून त्यात उकळते पाणी ओतीत होत्या आणि वाफ जिरली की तळहाताने जोर देऊन मळत होत्या. एका वेळी चार-पाच भाकऱ्यांपुरतेच. मी विचारले, सारे एकदम का मळीत नाही? त्या म्हणाल्या, पीठ थांबत नाही. हे उत्तर शब्दशः खरे आहे. गव्हाच्या कणकेत जो चिकटपणा असतो, ज्याच्या बळावर ती ताणली जाते आणि तासभर झाकून ठेवता येते, तो जोंधळ्यात नाही. उकळत्या पाण्याने त्यातील पिष्ट फुगते आणि तेवढ्यावर तो गोळा सांधून राहतो. गोळा निवला, वाळू लागला, की थापताना कडा फाटतात आणि भाकरी तव्यावर फुगत नाही. म्हणून पीठ ताजे मळायचे, लगेच थापायचे, लगेच भाजायचे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकत आले की उलटायची आणि शेवटी आचेवर फुगवायची. किलोभर पिठात त्यांच्या मापाच्या बारा भाकऱ्या होतात. दीडशे भाकऱ्यांना साडेबारा किलो पीठ. एका शेगडीवर तासाला पंचवीस भाकऱ्या, दोन शेगड्यांवर पन्नास. म्हणजे तीन तास. चारला पहिली भाकरी तव्यावर पडली तर सातला शेवटची उतरते. त्याआधी आधण, चुली, अंगण आणि स्वतःचे तोंड धुणे यांना अर्धा तास. झाले साडेतीन.

वाचकहो, माझ्या शिक्षकी मेंदूला हे गणित फार आवडले आणि त्याच वेळी फार लाजही वाटली. सातला भाकऱ्या संपतात, सव्वासातला मुलगी सायकलवर डबे बांधून निघते, सव्वाआठपर्यंत सारे पोचवून घरी येते, अंघोळ करून साडेनऊच्या शाळेला दहा मिनिटे आधी हजर होते. शनिवारची शाळा आठाची. त्या गणितात शनिवार बसतच नाही. मी चार आठवडे तिला फाटकाशी उभी करून ठेवली ती तिच्या आळसाबद्दल नव्हे, तर वजाबाकी मला न आल्याबद्दल.

अलीकडे पहाटे उठण्याचा उपदेश करणारी पुस्तके पुष्कळ निघतात. चार वाजता उठा, व्यायाम करा, ध्यान करा, दिवसाचा आराखडा लिहा, यश तुमचेच. आपल्याकडेही ब्राह्म मुहूर्ताची थोरवी सांगितली जातेच. या उपदेशाशी माझे भांडण नाही; ज्याची रात्र साडेनवाला सुरू होते त्याने खुशाल चारला उठावे. परंतु ज्या स्त्रिया स्वतःचा लहानसा उद्योग चालवितात त्यांची पहाट संकल्पातून आलेली नसते. ती वस्तूने ठरविलेली असते, आणि गिऱ्हाइकाने.

आमच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांचे पाहा. आसपासच्या खेड्यांतून त्या येतात. भाजी आदल्या संध्याकाळी काढलेली, धुतलेली, जुड्या बांधलेली असते आणि पहाटेच्या टेम्पोत वा पहिल्या गाडीत पाट्या चढतात. आमच्या भागातील भाजीपाला रोज भल्या पहाटे घाट उतरून गोव्यातही जातो. म्हणजे इथल्या शिवाराला पणजीच्या नि म्हापशाच्या स्वयंपाकघराचे घड्याळ लागू आहे. मेथी आणि कोथिंबीर यांचे तारुण्य फार तर दुपारपर्यंत. नवानंतर उन्हे वर आली की पाणी शिंपडून किती टवटवी आणणार? सकाळी ज्या जुडीला भाव असतो तीच जुडी दुपारी "ने गे बाई, दोन घे" म्हणून द्यावी लागते. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी खुडावी लागते, म्हणून फुलवाली उजाडण्यापूर्वी उठते. पापड करणारीला दिवसाचे ऊन हवे, म्हणून लाटणे सकाळीच. दूधवालीचे तर बोलायलाच नको. तिची वेळ म्हैस ठरविते.

या साऱ्यांची पहाट नवी आहे असेही नाही. जात्यावरच्या ओव्या हे आपल्या भाषेतील केवढे मोठे धन, आणि ते सारे धन पहाटेच्या अंधारात जन्मलेले आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्यांचा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. भाषेचा विद्यार्थी म्हणून मी त्या ओव्यांतील माहेर, भाऊराया, विठ्ठल यांवर वर्गात तासन् तास बोललो असेन. पण त्या गाणारीला झोप किती मिळत होती, हा प्रश्न मला त्या भाकरीवाल्या घरात बसेपर्यंत कधी पडला नव्हता. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. पहाट मात्र तिच्याकडेच राहिली. फरक एवढाच की आता काही घरांत त्या पहाटेचे पैसे मिळतात.

पैसे मिळतात म्हणून घरचे काम कमी होते असे मात्र नाही. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या बिनमोल कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचविली! आता या २८९ मिनिटांत, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तासांत, उद्योगाचे सात-आठ तास मिळवा. दिवसाचे तास तर चोवीसच. उरलेला तुटवडा झोपेतून भरून निघतो. भाकरीवाल्या बाई रात्री साडेदहाला अंथरुणावर पडतात आणि साडेतीनला उठतात. पाच तास. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी असे वैद्य सांगतात. रोजचे दोन तास देणे. सहा दिवसांत बारा. हे देणे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

वहीवरून आठवले. मी त्यांचा हिशेब पाहिला. जोंधळा, दळण, गॅस, शेंगदाणे, मीठ-मिरची, सायकलची दुरुस्ती, सारे नीट लिहिलेले. विक्रीतून हे वजा करून जे उरते त्याला त्या नफा म्हणत. मी विचारले, तुमची मजुरी? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून दुसरी वही केली. त्यात रोजंदारीवर बाई ठेवली असती तर काय द्यावे लागले असते ते आधी लिहिले, आणि मग उरले ते नफा. तो आकडा पाहून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे मी माझ्याच घरी कामाला आहे की," असे म्हणाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहाच्या भाकरीचा दर वाढवून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी दर फक्त जोंधळा महागला की वाढविला होता.

ज्या भगिनींचा असा उद्योग आहे त्यांना माझी एवढी एक विनंती आहे: घरखर्चाचा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवावा आणि पहाटे हात पिठात घालण्यापूर्वी नव्हे, दुपारी डोके ताजे असताना हिशेब लिहावा. पहाटेचे हिशेब चुकतात. मी स्वतः उत्तरपत्रिका पहाटे तपासून पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट तिथे ध्यानात आली. आपण पहाटेच्या शिस्तीचे कौतुक करतो, पण त्या घराची खरी शिस्त आदल्या रात्रीची होती. पीठ किलोकिलोच्या हिशेबाने पिशव्यांत मोजून ठेवलेले, चटणी कुटलेली, भाजी चिरून ओल्या फडक्यात बांधलेली, डबे पालथे घालून वाळविलेले, काड्यापेटी ठरावीक कोनाड्यात. पहाटे त्या बाई कशाचाही विचार करीत नाहीत. झोपेत चालणाऱ्या माणसाप्रमाणे हात आपोआप जागच्या जागी जातात. त्यांनी एक शहाणपणाची गोष्टही केली आहे. दुपारी जेवण झाले की त्या पाऊण तास दार लावून झोपतात आणि मग दोन ते चार कडक भाकऱ्या करतात. आमच्याकडे पातळ लाटून, तव्यावर भाजून वाळविलेली ही कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. ती दुकानातून विकली जाते, लोक प्रवासाला नेतात, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना देतात. तिला पहाटेचे बंधन नाही. मी त्यांना म्हटले, ताज्या भाकऱ्या थोड्या कमी करा आणि कडक भाकरी वाढवा. "ते खरं, पण ताज्याचे पैसे रोज येतात, कडकचे दुकानदार महिन्यानं देतो," त्या म्हणाल्या. माझ्या सल्ल्यात हे धरलेलेच नव्हते. रोकड रोज लागते, कारण जोंधळा रोज लागतो.

हा रोकडीचा प्रश्न जुनाच आहे. आमचे चुलते मुंबईला गिरणीत होते. बेळगाव, चंदगड, कोकण इथून गेलेले हजारो कामगार बिऱ्हाड गावी ठेवून गिरणगावात राहत आणि खानावळवाल्या बायकांकडे जेवत. सकाळी सातची पाळी, म्हणून त्या बाईची चूल भल्या पहाटे पेटे. पैसे मात्र महिन्याच्या पगाराला. महिनाभराचा शिधा ती वाण्याकडून उधार घेई आणि व्याज भरी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांसाठी. प्रेमाताई गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यात त्यांनी भाग घेतलेला. खानावळवालीला बँकेचे कर्ज मिळवून दिले की सावकाराचे व्याज तिच्या घरात राहील, हा त्यांचा साधा विचार होता. तारण म्हणून ठेवायला काही नसलेल्या बायकांनी गटाने एकमेकींना जामीन राहावे असे ठरले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येकजणी ज्या ताटांसाठी पहाटे उठत होत्या ती ताटेच उठून गेली. आमचे चुलतेही तेव्हाच परत आले.

बडोदे, इंदूर इकडील वाचकांना अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेची माहिती असेलच. इला भट्ट यांनी ती १९७२ साली स्थापन केली आणि १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची बँक काढली. भाजीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बायका भागधारक. आमच्या बाजारातही सकाळी उसने घेऊन भाजी भरायची आणि संध्याकाळी व्याजासकट परत करायचे हा व्यवहार माझ्या लहानपणापासून पाहतो आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, २०२०पासून त्यांना दहा हजारांचे पहिले कर्ज मिळू लागले. गणपत गल्लीतील काहींना ते मिळाले, काहींना कागद जुळवता आले नाहीत. दोघींचे अर्ज मी भरून दिले. एकीचा मंजूर झाला.

परंतु पहाटेच्या ओझ्यावर मला सर्वांत पटलेला उपाय लिज्जत पापडाच्या बायकांनी शोधला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे ६२ वर्षांनी. आज त्या संस्थेत सुमारे ४५ हजार बायका आहेत आणि प्रत्येकजण मालकीण आहे. पण मला रस आहे तो त्यांच्या सकाळच्या रचनेत. पीठ प्रत्येकीने घरी मळायचे नाही. ते शाखेत पहाटे मळले जाते. बायका सकाळी शाखेत येतात, काल लाटलेले वाळके पापड देतात, त्यांचे वजन होते, लाटणावळ मिळते, आजचे पीठ घेतात आणि घरी जातात. दूरच्या भगिनींना आणायला-सोडायला संस्थेची गाडी. नंतर पापड लाटायचे ते आपल्या घरी, आपल्या वेळेने, मुलाला शाळेत धाडून. म्हणजे पहाटेचे काम वाटून घेतले, दिवसाचे काम मोकळे ठेवले आणि पैसे रोजच्या रोज. बाई एकटी असेल तर तिला सगळी पहाट एकटीने उचलावी लागते. चौघी असतील तर पाळी लावता येते. हे त्या भाकरीवाल्या बाईंना मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. शेजारच्या काकूही भाकऱ्या करतात, पण दोघींचे काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकावरून बिनसलेले होते, हे मला नंतर कळले.

आता जी गोष्ट सांगायची टाळत होतो ती सांगतो.

त्या पहाटे मी तिथे तासभर बसलो होतो. पलीकडच्या खोलीत दाराआड कुणीतरी झोपलेले दिसत होते. मी विचारले, तिथे कोण? "धाकटा. आठवीला आहे तुमच्याकडंच." मी म्हटले, "मग त्याला उठवत का नाही? डबे पोचवायला तरी?" बाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "त्यो अजून ल्हान आहे की, गुरुजी."

तो तेरा वर्षांचा आहे. मुलगी या कामाला लागली तेव्हा नऊ वर्षांची होती. मी तोंड उघडले होते, मुख्याध्यापकाला शोभेल असे दोन शब्द सांगणार होतो, पण मला ते सांगता आले नाहीत.

माझे वडील १९७७ साली गेले. मी सात वर्षांचा, आक्का बारा वर्षांची. आईने डबे करायला सुरुवात केली. टिळकवाडीत महाविद्यालयात शिकणारी बाहेरगावची मुले राहत, त्यांचे डबे. वातीचा स्टोव्ह, रेशनच्या रॉकेलची रांग, शेगडीवर भात. आक्का पहाटे उठून आईला मदत करी आणि डबे घेऊन दुसऱ्या रेल्वे गेटापलीकडे जाई. गेट पडले की पाऊण-पाऊण तास उभी. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली. मी मात्र साडेसहाला उठत असे. माझ्यासाठी दूध झाकून ठेवलेले असे. मी शिकलो, एम. ए. झालो, नोकरीला लागलो, आणि कष्टाळू मातेवर शाळेच्या स्नेहसंमेलनात कित्येक भाषणे केली. त्या भाषणांत आक्का कधी आली नाही. आई मलाही लहानच म्हणत होती, आणि मी तेरा वर्षांचा झाल्यावरही ते तसेच राहिले.

आक्का आता शहापुरात असते. लग्नानंतर तिने स्वतःचा डब्यांचा व्यवसाय केला, दोन मुलींना शिकविले, गुडघे दुखू लागले तेव्हा पाच-सहा वर्षांपूर्वी काम बंद केले. त्याच रविवारी मी तिच्याकडे गेलो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "आक्का, मला कधी उठवलं नाही याचा तुला राग नाही आला?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुला उठवून काय उपयोग? रस्सा सांडला असतास."

आम्ही दोघेही हसलो. चहा झाला. मी निघताना ती चपला घालीपर्यंत दारात आली आणि सहज सांगावे तशी म्हणाली, "सातवीचा निकालाचा कागद मात्र अजून ठेवलाय हो मी. वर्गात दुसरी आले होते." मला ते ठाऊक नव्हते.

शाळेत मी दोन गोष्टी केल्या. शनिवारी फाटकाशी उभे करण्याची प्रथा बंद केली. आता उशिरा आलेला मुलगा सरळ वर्गात जातो आणि कारण वर्गशिक्षक मागाहून विचारतात. दुसरी गोष्ट, त्या आठवीतील मुलाला बोलावून घेतले. उपदेश केला नाही. तुझ्या बहिणीची सायकल तुला चालविता येते का, एवढेच विचारले. त्याला येत होती. पुढच्या शनिवारी डबे त्याने नेले. पहिल्याच दिवशी एका वसतिगृहाच्या भाकऱ्या दुसऱ्याकडे देऊन आला आणि त्याच्या आईला दोन्हीकडून बोलणी खावी लागली. त्यानंतर चूक झालेली नाही. त्याला तवा सांभाळता येत नाही, पण पीठ मळायला तो शिकला आहे. मळण्याला जोर लागतो आणि तो त्याच्याकडे आहे.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. त्या महिन्यापुरते मुलीने शेगडीपुढे बसायचे नाही असे बाईंनी ठरविले. दीडशे भाकऱ्यांना दोन शेगड्या लागतातच. बाई स्वतः शेजारच्या काकूंकडे गेल्या. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण मार्चमध्ये एका पहाटे मी मुद्दाम त्या गल्लीतून फिरायला गेलो तेव्हा दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या, दुसरीपुढे काकू बसल्या होत्या, आणि मधल्या खोलीत दिव्याखाली ती मुलगी पुस्तक उघडून बसली होती. धाकटा ओसरीवर सायकलच्या चाकात हवा भरीत होता.